शेळगावचं पान

नीरा नदीपासून उजनीच्या पाण्यापर्यंत आमच्या आतोबांएवढा संशयी जेवणारा दुसरा झाला नाही आणि होणारही नाही. हे मी तक्रार म्हणून नाही, चांगलं छाती पुढं काढून सांगतोय. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, शेळगावचे द्राक्षबागायतदार. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक भिंग असतं. खरं तर ते द्राक्षाच्या पानामागची कीड बघायचं, पण आतोबा ते परक्याच्या कोथिंबिरीवरसुद्धा धरतात. भवानीनगरला एका लग्नात वाढपी वांग्याचा रस्सा घेऊन आला, तर यांनी त्यालाच थांबवलं. "वांगं कुणाच्या रानातलं?" तो बिचारा म्हणाला, "मंडईतलं असंल की." "मंडईत काय वांग्याची झाडं हायत व्हय?" झालं, सगळी पंगत खोळंबली. नवरदेवाच्या वडिलांनी हात जोडले, तेव्हा कुठं आतोबांनी मीठभात खाल्ला, आणि तोही तांदूळ कुठला याची चौकशी करून.

हॉटेलातल्या अन्नाला तर त्यांनी उभ्या जन्मात हात लावला नव्हता. दर चतुर्थीला एसटीनं मोरगावला जातात, पण तिथं चहासुद्धा घेत नाहीत. पिशवीत बाजरीची भाकरी, चटणी आणि घरचं पाणी. मी एकदा वैतागून म्हणालो, "आतोबा, निदान देवाच्या दारात तरी विश्वास ठेवा." ते शांतपणे म्हणाले, "देवावर हाय की. टोमॅटोवर न्हाय." आणि या सगळ्याचं मूळ त्यांच्या बागेत होतं. त्यांची द्राक्षं परदेशी जातात, जाण्याआधी प्रयोगशाळेत तपासली जातात, आणि तो तपासणीचा कागद आतोबांनी चौकट करून देव्हाऱ्याशेजारी लावलाय. येईल त्याला ते सांगायचे, "माझ्या बागंत डोळं झाकून तोंड घालायचं. निस्तं तोंड घालायचं!"

अशा माणसाच्या पोटी प्रणाली जन्मली, हा देवाचा चावटपणा. आतोबांची एकुलती एक लेक. स्वयंपाकाचं शिक्षण घेतलं, ग्रीसमधल्या क्रीट नावाच्या बेटावर एका हॉटेलात दोन वर्षं राबली आणि परत येऊन म्हणाली, "बारामतीत हॉटेल काढणार. त्या बेटावर घरोघर जे करतात ते जेवण." भावकीत हसून हसून पुरेवाट झाली. प्रणाली बापाला समजावून सांगायला बसली. वाळलेली भाकरी भिजवून तिच्यावर किसलेला टोमॅटो आणि चीज घालतात. आतोबा म्हणाले, "माझी आई करायची की, चीज सोडून." घोळाची भाजी कच्ची खातात. "त्यात काय, आमी पण खाल्लीया." गोगलगाई खातात, हे ऐकल्यावर मात्र आतोबा सावरून बसले. "किती खात्यात? आपल्या बागंतल्या पोत्यानं पाठवतो म्हणावं!" एवढं सगळं हसून झालं, पण प्रणालीचं मागणं एकच होतं. "आबा, पहिल्या दिवशी पहिला घास तुम्ही घ्यायचा. तुम्ही माझ्या हॉटेलात जेवलात की मला जगानं नावं ठेवली तरी चालतील." आतोबांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ते बागेत निघून गेले.

पण आले. नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी, भिगवण रस्त्यावरच्या त्या निळ्या दारांच्या हॉटेलात, धुतलेलं धोतर आणि फेटा घालून आले. पन्नासएक माणसं बसली होती. मी बारामतीत मास्तरकी करतो, त्यामुळं अर्धी माझ्याच शाळेतली. प्रणालीनं आधी त्या बेटाचा मानाचा पदार्थ आणला. द्राक्षाच्या कोवळ्या पानात तांदूळ, पुदिना आणि शेपू गुंडाळून मंद आचेवर शिजवलेल्या बोटाएवढ्या सुरळ्या, वर लिंबू पिळलेलं. सगळ्यांच्या ताटात वाढून झालं, पण वडीलधाऱ्यानं घास घेतल्याशिवाय कोण सुरुवात करणार? आणि वडीलधाऱ्यानं तर भिंग काढलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीचा पहिला दिवस, आणि हा माणूस तिच्या ताटात भिंग घालून बसलाय!

"पान कुठलं?" आतोबांनी विचारलं.

प्रणाली याच प्रश्नाची वाट बघत होती. हसून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आपल्याच बागेतलं, आबा. परवा तुम्ही चतुर्थीला मोरगावला गेलात ना, तेव्हा गुपचूप खुडून आणलं. इथं दुसरं कुठलं पान मी तुमच्या ताटात वाढणार होते?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आतोबा मात्र उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता. "कुनी खायाचं न्हाय," ते म्हणाले. "ताटाला हात लावू नगा."

प्रणालीच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "आबा, तीनदा धुतलंय. आणि तुम्हीच म्हणता ना, डोळं झाकून तोंड घाला म्हणून."

"म्हनतो. तीच चूक झाली." आतोबांनी पंगतीकडं तोंड केलं. "मंडळी, पोरीचा दोष न्हाय. परदेशी जातो त्यो दाना. त्यो पिकंपतूर औषधाचा अंमल उतरतो, मग तपासून जातो. पान कोन तपासतंय? चतुर्थीच्या आदल्या दिशी मीच फवारनी केलीया. ती धुवून जात न्हाय, पानात मुरती. माझ्या बागंतलं पान आज खान्याजोगं न्हाय. ह्ये माझ्या फुशारकीचं फळ हाय."

जन्मभर दुसऱ्यांच्या रानांवर संशय घेणारा हा माणूस पन्नास माणसांत स्वतःच्या रानाविरुद्ध साक्ष देत होता. गप्प बसला असता तर? कुणाला कळलं असतं? हळूच पोरीला आत बोलावून काहीतरी सबब सांगता आली असती. ते आतोबांना जमलं नाही, आणि म्हणूनच मी मघाशी छाती पुढं काढली. प्रणालीनं डोळे पुसले, ताटं उचलली आणि भाकरीपासून वांग्यापर्यंत बाकीचं सगळं वाढलं. लोक पोटभर जेवले. आतोबा बाहेर चिंचेखाली बसून राहिले. मी त्यांना बोलवायला गेलो तर म्हणाले, "मला भूक न्हाय." त्या दिवशी त्यांनी पोरीच्या हॉटेलात पाणीसुद्धा घेतलं नाही.

एप्रिलची छाटणी झाली आणि शेळगावात बातमी फुटली की म्हातारा चळला. बागेच्या कडेच्या दोन ओळींवर आतोबांनी औषधाचा थेंब पडू दिला नाही. बाकीच्या बागेतला फवारा उडू नये म्हणून मधे आत्याची जुनी लुगडी बांधली. आत्या दारातून ओरडत होती, "अवं, त्यात माझं एक चांगलं हाय!" रोज पहाटे उठून ते रोगट पान हातानं खुडायचे. उन्हाळ्यात कोवळं पान ओरबाडलं तर पुढच्या सालचा घड धरत नाही, हे तिथलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. आतोबा जाणत नव्हते थोडेच!

मे महिन्यात एका दुपारी ते ओल्या फडक्यात पानं गुंडाळून एसटीनं बारामतीला आले. प्रणालीनं पाणी उकळायला ठेवलं. सुरळ्या झाल्यावर ताट पुढं आलं आणि आतोबांनी पहिली सुरळी सरळ तोंडात टाकली. मग दुसरी. मग तिसरी. तोंडात घास असतानाच म्हणाले, "लिंबू आजून थोडं पिळ." प्रणालीनं लिंबू पिळलं, पण तिला रडू आवरेना, आणि खरं सांगतो, मलाही आवरेना. शेजारच्या टेबलावर पुण्याहून आलेलं एक कुटुंब बसलं होतं. त्यांनी आतोबांना विचारलं, "आजोबा, हॉटेल तुमचंच का?" आतोबा हात पुसत म्हणाले, "न्हाय, न्हाय. हाटेल हिचं. मी निस्ता पान घालनारा."

आता हॉटेल बरं चाललंय आणि आतोबा थकलेत. एसटीची पायरी चढताना कुणाचा तरी हात लागतो, पण पानाचं फडकं ते दुसऱ्याच्या हाती देत नाहीत. त्या दोन ओळींना घड येत नाहीत. परवा बांधावर बसून मी म्हणालो, "आतोबा, एवढ्या जुन्या वेली, फळाविना बघून वाईट नाही वाटत?"

त्यांनी खुडलेल्या पानांच्या फडक्याला गाठ मारली. मग म्हणाले, "फळ धरतंया की. बारामतीत धरतंया."