गुलाबी तळ्याचा बांध

बाबारावांची इरावती म्हणजे रायपूरच्या रेल्वे कॉलनीची शान. तिचा मोठा भाऊ वासुदेव सिलतऱ्याच्या लोखंडाच्या भट्टीवर कामाले होता, तिथं हे रोज सांगे, अन् खोटं काही नव्हतं त्यात. लहानपणी पोट्टी तेलीबांधा तलावाच्या काठावर पालथी पडून पाणी पाहत राहायची. राज्य नवं झालं, ती डॉक्टरीण झाली, तरी पाहणं सुटलं नाही. आता रोग्यांच्या गाठी तपासायले मायक्रोस्कोपवर वाकून ती स्लाइडवरच्या गुलाबी-जांभळ्या तळ्यात उतरे.

त्या दुपारी तळ्यात सुनीतीच्या गळ्याची गाठ होती. सुनीती बीरगावची, वासुदेवच्या दोस्ताची बायको, पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, भजन गाणारी. अर्धी थायरॉइड काढून झाली होती. गाठीभोवतीचा पडदा शाबूत असला तर भ्यायचं नाही. गाठीनं तो फोडला असला तर कॅन्सर, अन् उरलेली थायरॉइडही काढायची. गळ्यावर पुन्हा चाकू म्हणजे आवाजाचा भरवसा नाही.

इरावतीले पडदा शाबूत दिसला.

"दादा, गाठ साधी वाटून राहिली मले. पण अजून दोघं पाहतील."

वासुदेवनं अर्धंच ऐकलं. "माही बहीण बोलली म्हणजे झालं!" म्हणत सुनीतीकडं पेढे देऊन आला.

इरावतीची रीत अशी, की कठीण स्लाइड आपलं मत न सांगता दुसऱ्यांले दाखवायची. भिलाईच्या दवाखान्यात स्लाइडी पाहणाऱ्या मॅडम म्हणाल्या, कॅन्सर नाही. इरावतीले शिकवलेले दत्तोपंत सर म्हणाले, आहे.

"दोघींपुढे एक! जिंकली ना तू?"

"हे वॉर्डाचं इलेक्शन हाये काय, दादा?"

"अवं, पेढे वाटून बसलो ना मी!"

"मंग काहून वाटले?"

तिनं गाठीचे अजून खोल काप घेतले. पडदा बांधासारखा शांत चालला होता. ती काठाकाठानं चालत राहिली, परकरातल्या पोरीसारखी. अन् एका जागी पाणी बांध फोडून हळूच बाहेर निघालेलं. ती लई वेळ पाहत राहिली. मग सरांले बोलावून आपली खुर्ची दिली.

"दिसलं?" सरांनी विचारलं.

"हव, सर."

नवे काप भिलाईले गेले, मॅडमलेही तेच दिसलं.

बीरगावले इरावती स्वतः गेली. "मले आधी चुकीचं वाटलं होतं, सुनीती. अजून एक ऑपरेशन लागंल."

"दीदी, गाणं राहील ना?"

"आवाजाची नस जपा म्हणून सर्जनले सांगीन. वचन देत नाही."

दुसऱ्या ऑपरेशननंतरच्या गणपतीत सुनीती गायले बसली. पहिली ओळ खरखरली, दुसरी सुटली. मागे वासुदेव शेजाऱ्याले सांगत होता, "आपली चूक आपणच पकडली माह्या बहिणीनं! हाये कोणाची अशी?"

"चूप बस, दादा," इरावती डोळे मिटून म्हणाली, "ऐकू दे."