तळ्यातळ्यानं दिघोरीला

घरात क्रोन्सचं माणूस असेल तर प्रवास ठरवताना आधी देवळं शोधू नका, आडोसे शोधा! हे शहाणपण मला ऐंशीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात आलं.

नवरा वरठीच्या कारखान्यात होता. आतड्याला सूज, रक्त पडायचं, दिवसातून दहादा धावपळ. आधी टीबीची औषधं झाली, मग नागपूरच्या डॉक्टरांनी क्रोन्स सांगितला. एसटी मध्येच थांबणार नाही या धास्तीनं हा माणूस तीन वर्षं दिघोरीला आईकडे फिरकला नाही. वर मला शपथ, कोणाला सांगायचं नाही! सासूबाईंनी मनात धरून ठेवलं, सुनेनं पोरगा तोडला. शेवटी मीच म्हटलं, फटफटीनं जाऊ, पाहिजे तिथं थांबू.

तीन-चार लिटर पेट्रोल लागलं, एसटी स्वस्त पडली असती. पिशवीत पाणी, साबण, जुनी लुगडी, डब्यात मऊ भात. कारध्याच्या पुलावरून वैनगंगा पाहिली. लाखनीहून आत वळल्यावर तर मी थक्कच. कोसा-कोसावर तळं! पाणी आहे, पाळ म्हणजे मातीचा बांध आहे, पाळीला बेशरमाची दाट झुडपं. कोण्या जुन्या माणसांनी धानासाठी बांधलेली ही तळी त्या दिवशी आमच्या कामी आली. चारदा थांबलो. चौथ्यांदा हा हसत परतला, "सोपा रस्ता हाय न वं! मी उगाच भेत होतो."

दिघोरीत नव्या धानाचं जेवण होतं. त्या घरात पहिला घास थोरल्या मुलाचा, म्हणजे ह्याचा, तोवर कोणी ताटाला हात लावत नाही. सासूबाईंनी मासोळीचा लालभडक रस्सा वाढला. ह्यानं नुसता भात कालवला.

"रस्सा काहून नाई घेत? बायको खाऊ देत नाई का?"

मी शपथेला बांधलेली. पण हाच बोलला, सगळ्या पंगतीसमोर. "तिचं नाव नको घेऊ, आई. मले आतड्याचा रोग हाय, बरा होत नाई म्हनतात. कपडे खराब होतात. लाज वाटे, म्हून आलो नाई. सारं हिनंच धुतलं."

माझ्यासमोरसुद्धा संडास हा शब्द न उच्चारणारा माणूस!

सासूबाईंनी रश्श्याची वाटी उचलली. "मायची लाज धरते का रे, गधड्या? लहानपनी तुले कोनं धुतलं?" मग त्यांनी भाताची पातळ पेज करून आणली. हा जेवला, मग बाकीचे.

निघताना त्यांनी माझा हात धरला. "तीन वर्स तुले शिव्या देल्या, सूनबाई. आता मांगं कशा घेऊ?" मी नुसती रडले.

परत वरठीला आलो, रोगही आमच्यासोबत आला. त्याला कोणी दिघोरीत ठेवून घेतलं नाही. आठवड्याभरात मात्र सासूबाई एसटीनं एकट्या दारात हजर. पायसुद्धा धुतले नाहीत, पदर खोचला आणि म्हणाल्या, "आज ह्याच्याकडं मी पायते. तू झोप."

तीन वर्षांत पहिल्यांदा मी भरदुपारी झोपले. उठले तेव्हा दिवे लागले होते.