मास्तरांचा तक्क्या

नोट हातात आली की मास्तर ती आधी कानाशी नेत, दोन बोटांत चुरगाळत आणि तिचा आवाज ऐकत. मग गिऱ्हाइकाकडे बघून म्हणत, "कागद बोलतोय तर लई. पण खायला काय घालतोय?" आणि खिशात टाकत. घेत नसत असं नाही हं! पण तोंड असं करून घेत, की देणाऱ्यालाच वाटावं आपण याच्या गळ्यात काहीतरी खोटं मारलं.

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. भिंगारच्या ज्या गल्लीत त्यांचं दुकान होतं, तिथेच समोरच्या माडीवर एका खोलीत मी राहायची आणि मुलींच्या शाळेत शिकवायची. ते मला 'बाई' म्हणत, मी त्यांना 'मास्तर' म्हणे, आणि त्यांच्या बायकोला सगळी गल्ली 'भाभी' म्हणे. नवरा-बायको आपसात हिंदीत भांडत आणि आम्हा शेजाऱ्यांकडे न्याय मागायला आले की मराठीत.

तुम्ही म्हणाल, नोटेवर एवढा राग कशाला? त्याचं कारण दुकानातच, मशीनच्या वर, भिंतीला चिकटवलेलं होतं. दुसरी मोठी लढाई सुरू झाली तेव्हा सरकारने मुंबईकडचे जर्मन धरून नगरच्या छावणीत आणून ठेवले होते. त्यांचे कपडे दुरुस्त करायचं काम मास्तरांकडे आलं. त्यातला एक म्हातारा मुंबईत बरीच वर्षं राहिलेला, मोडकंतोडकं हिंदुस्तानी बोलायचा. त्याने मास्तरांना आपल्या मुलखातली एक जुनी नोट दिली. तिच्यावर एका आकड्यापुढे शून्यंच शून्यं. मागच्या लढाईनंतर म्हणे त्याच्या गावात या नोटेला काडीपेटी मिळत नव्हती. त्याच्या आईने भिंतीवरचं घड्याळ देऊन बटाटे आणले. घड्याळ एकदाच देता येतं. पुढे तिने सुई-दोरा विकून, म्हणजे विकून नव्हे, सुई देऊन पाव आणि दोरा देऊन दूध आणून पोरं जगवली.

मास्तरांना दुसरं काही लक्षात राहिलं नसेल, पण सुया लक्षात राहिल्या. छावणीतून आले आणि दुसऱ्या दिवसापासून साठवायला लागले.

आधी सुया आणि रिळं. ती शिंप्याच्या घरात असायचीच, म्हणून कुणी काही बोललं नाही. मग काडीपेट्या, मीठ, कपड्याचा साबण, कंदिलाच्या काचा, वाती, रॉकेल. मजुरीचा पैसा हातात पडला की संध्याकाळपर्यंत त्याची वस्तू झालीच पाहिजे. भाभी माझ्याकडे येऊन कपाळाला हात लावायची. "बाई, खाटंखाली साबन, खाटंवर साबन. मी निजायचं कुठं? सोपनात बी फेस येतोय!"

त्यात बाजारात मोड मिळेना. चांदीचा रुपया तर दिसेनासाच झाला होता. मग सरकारने भोकाचा पैसा काढला. मास्तरांना कोण आनंद! त्यांनी तो दोऱ्यात ओवून एका पोराच्या सदऱ्याला गळ्याशी टाचला आणि मला हाक मारून दाखवला. "बघा बाई, ह्ये नाणं न्हाई, बटन हाय. सरकारलाबी कळलंय आता पैशाचा उपेग काय त्यो."

त्यांनी गल्लीतल्या प्रत्येकाची किंमत करून ठेवली होती. पैशाचा बाजार उठला की कोण कोणाला काय देणार, याचा पक्का हिशेब त्यांच्या डोक्यात होता. कुंभार मडकी देईल, त्याला मीठ. तेली तेल देईल, त्याला रिळं. एकदा माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "बाई, तुमच्याकडं काय हाय द्यायला?"

"मला पाढे येतात," मी म्हटलं.

"पाढ्याला कोण इचारतंय!" बिचारे खरंच काळजीत पडले. बराच वेळ मशीन चालवून मग म्हणाले, "पत्रं वाचून द्या लोकास्नी. एका पत्राला अर्धी काडीपेटी. भागंल तुमचं."

"आणि ती कोपऱ्यावरची आंधळी म्हातारी? ती काय देणार?"

"ती काय देती? तिला आसंच," असं म्हणून त्यांनी मान खाली घातली. अशा माणसावर रागावणार तरी कसं, सांगा.

या हिशेबात पहिला नंबर बाबूभाईचा. बाबूभाई भिस्ती. रेड्यावर पखाल लादून घरोघर पाणी घालायचा. तो आणि मास्तर लहानपणापासूनचे दोस्त. मास्तर म्हणत, "समदं बंद पडलं तरी पानी लागतंय. माझ्याकडं सुई, बाबूकडं पानी. आमी दोघं मेलो न्हाई म्हंजे गल्ली मेली न्हाई." दुपारी पाणी घालून झालं की बाबूभाई दुकानात येऊन बसे आणि तक्क्याला टेकून चहा पिई. दुकानात येणारं प्रत्येक माणूस त्याच तक्क्याला टेकायचं. लाल खोळीचा लांबलचक तक्क्या होता आणि दगडासारखा टणक. मी एकदा वैतागून म्हटलं होतं, "मास्तर, हा तक्क्या आहे की पाटा? कापूस महागलाय का?" बाबूभाई खो खो हसला होता. मास्तर हसले नाहीत, एवढं मला आता आठवतं.

मास्तरांचं आणखी एक काम होतं, आणि त्याची मजुरी ते कधी घेत नसत. त्यांच्या समाजात कुणी गेलं की कफन फाडून द्यायला त्यांना बोलावणं येई. कफनाला शिलाई नसते. अखंड पांढरं कापड मापाने फाडायचं, बस्स. मास्तर म्हणत, "जन्मभर लोकास्नी शिवून घातलं, ह्ये येकच न शिवता देतो." कापड ओठांशी धरून काहीतरी पुटपुटत आणि टर्रकन सरळ रेषेत फाडत. कात्री लावत नसत.

मग कापडाची टंचाई आली. अशी आली की विचारू नका. कंट्रोलच्या दुकानात ठाण आलं की फडशा, नाहीतर रिकाम्या फळ्या. बायका एकच लुगडं धुवून वाळेपर्यंत घरात बसून राहत. चोरून कापड ठेवलं म्हणून नगरच्या बाजारातल्या एका दुकानदाराला पोलीस धरून घेऊन गेले. मास्तरांनी ते डोळ्यांनी पाहिलं आणि घरी येऊन दोन दिवस दुकान उघडलं नाही. मी म्हटलं, "तुम्ही कशाला घाबरता? तुमच्याकडे साबण आहे, कापड कुठे आहे?" ते नुसते "व्हय" म्हणाले.

त्याच दिवसांत बाबूभाई गेला. ताप आला आणि बघता बघता उतरणीला लागला. सकाळी त्याच्या बायकोचा, हलीमाचा, हंबरडा ऐकून मी खाली पळाले. उन्हाळा होता, मातीला उशीर करून चालणार नव्हतं. बाप्ये कापडासाठी भिंगार फिरले, नगरपर्यंत जाऊन आले, आणि हात हलवत परत आले. दुकानं रिकामी, आणि ज्याच्याकडे होतं तो परमिट दाखवा म्हणे. मेलेल्या माणसाला परमिट!

मग गल्लीने काय काय आणलं ते मला अजून दिसतं. कुणी अर्धं धोतर, कुणी पटका, कुणी उशांचे अभ्रे. मी माझं एक जुनं पांढरं पातळ काठ कापून दिलं. त्यातला एकही तुकडा पुरेल असा नव्हता. मौलवी म्हणाले, नाइलाज आहे, जोडलेलं चालेल. सगळे मास्तरांकडे बघायला लागले.

मास्तर बाबूभाईच्या अंगणात बसले आणि त्याचं कफन शिवायला लागले. त्यांना सुईत दोरा ओवता येईना. ज्यांच्या घरात शेकडो सुया, त्यांना येईना. मी त्यांच्या हातातून सुई घेतली आणि ओवून दिली. भाभी दारात उभी होती. ती एकदा त्यांच्याकडे बघे, एकदा रस्त्यापलीकडच्या दुकानाकडे. मला वाटलं, दुकान उघडं टाकून आलेत म्हणून बघत असेल.

पंधरवडा उलटला असेल. शाळेतून येताना मास्तरांनी मला दुकानातून हाक मारली. मी गेले तर त्यांनी दाराची एक फळी लावून घेतली. हातात पातं होतं. तक्क्या पुढ्यात ओढून त्यांनी खोळीची शिवण उसवली. आतून पांढरं शुभ्र मांजरपाट निघालं. अख्खं ठाण. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"टंचाईच्या आदीच घेतलं हुतं," ते म्हणाले. "सगळ्यात मोठा सौदा ह्याच्यावर करनार हुतो. गाय आली आसती बाई ह्याच्यावर."

मी बोलले. मला तोंड आवरत नाही, आणि तेव्हा आवरायचंही नव्हतं. "ज्या माणसाला रोज ह्याला टेकवून चहा पाजलात, त्याला उशीच्या अभ्र्यात पाठवलंत? लाज नाही वाटली शिवताना?"

"वाटली," ते म्हणाले. "परतेक टाक्याला वाटली. दोन डाव उठाया गेलो. येक डाव वाटलं, पोलीस येतील. दुसऱ्या डावाला वाटलं, मास्तर, हा त्यो दिस न्हाई. त्यो दिस आजून यायचाय, तवा लागंल." मग ते लहान पोरासारखे रडायला लागले. "बाई, त्योच दिस हुता हो. त्योच हुता."

माझा राग गेला असं म्हणणार नाही. पण मी तिथे बसले. टेकायला काही नव्हतं, तशीच बसले.

"हलीमाला सांगा," मी उठताना म्हटलं.

"सांगतो. उद्या सांगतो."

तो उद्या काही आला नाही. मास्तर रोज सकाळी साबणाची वडी, मिठाची पुडी, कधी सुयांचं पाकीट घेऊन हलीमाच्या दाराशी जात. तोंड उघडत, मिटत, वस्तू उंबऱ्यावर ठेवून परत येत. ती घेई. कधी नको म्हणाली नाही, आणि कधी "बसा" म्हणाली नाही. नवऱ्यामागे तिने पखाल स्वतः उचलली. बाईमाणूस रेडा हाकतंय म्हणून लोक आधी हसले, मग पाणी भरून घ्यायला लागले. मी दोन-तीनदा मास्तरांना म्हटलं, मी सांगू का? तर हात जोडत. "न्हाई बाई. माझं मला बोलू द्या."

त्या ठाणातून त्यांनी एक रुमालसुद्धा स्वतःसाठी काढला नाही. कुणाच्याही घरी, कुठल्याही जातीत मयत झाली की मास्तर काखेत घडी घेऊन हजर. कापड कुठून आलं, कुणी विचारलं नाही आणि कुणी चुगली केली नाही. ठाण संपलं. काडीपेट्या मिठाशेजारी ठेवल्या होत्या, पावसाळ्यात मीठ पाझरलं आणि पेट्यांचा लगदा झाला. राहिलेला साबण त्यांनी माझ्या शाळेत आणून दिला, मुलींचे हात धुवायला. शून्यांची नोट त्यांनी कधी काढली, मला कळलं नाही. भिंतीवर तेवढा चौकोन उजळ दिसायचा.

पैशाचा बाजार काही उठला नाही. लढाई संपली, स्वराज्य आलं, दुकानांत कापड पुन्हा दिसू लागलं, आणि मास्तर एका सकाळी मशीनवर डोकं टेकून गेले.

भाभीने ट्रंकेतून एक घडी काढली आणि मौलवींसमोर ठेवली. कातरणं जोडून जोडून शिवलेलं कफन होतं ते. आमच्या सगळ्यांच्या झबल्यांची, सदऱ्यांची, पोलक्यांची पांढरी कातरणं. बारीक, सुबक टाका. मास्तरांचा हात लपत नव्हता. भाभी म्हणाली, "आसंच घालून पाठवा म्हनून सांगून ठिवलंय. म्हनले, बाबूभाईला जसं धाडलं, तसंच मला."

तेवढ्यात हलीमा आली. पखालीचा रेडा तसाच रस्त्यात उभा करून आली होती. काखेत दुकानातून आणलेलं कोरं कापड.

"ह्ये घाला," ती म्हणाली.

भाभी म्हणाली, "हलीमा, तुला ठावं न्हाई. त्या दिवशी त्या तक्क्यात..."

"ठावं हाय मला," हलीमा म्हणाली. "तूच सांगितलंस की, ह्यांच्या चाळिसाव्या दिवशी, रडत रडत. इसरलीस? तवापासनं ठावं हाय. रोज दारात येऊन मास्तर तोंड उघडायचे. मी नुसतं 'कळलंय मला' म्हनले आसते, तरी सुटले आसते. म्हनले न्हाई. म्हनलं, जळू दे त्यास्नी. आज म्हनू, उद्या म्हनू करत ऱ्हायले." तिने कापडाची घडी मोडली. "आता कुनाला म्हनू?"

तिने कापडाची कड दाताने तोडली आणि फाडायला सुरुवात केली. मास्तरांइतकं सरळ फाटलं नाही. पण अखंड होतं, शिलाई नव्हती. मास्तर त्यातच गेले.

ते कातरणांचं कफन हलीमाने मागून घेतलं. मला वाटलं, पुरून टाकेल. चार दिवसांनी शाळेतून येताना पाहिलं, तर ती आपल्या उंबऱ्यात ते मांडीवर घेऊन बसली होती. हातात सुई होती. मास्तरांनी उंबऱ्यावर ठेवलेल्या वस्तूंमधलीच असणार. एकेक टाका उचलून दोरा ओढत होती आणि सुटलेलं कातरण बाजूला ठेवत होती.

"काय करतेस गं हलीमा?" मी विचारलं.

"काय न्हाई बाई," ती मान वर न करता म्हणाली. "उसवतीय."