ओट्यावरच्या ट्रॉफ्या

३ मार्च. मी प्रयोगशाळेतले डबे रिकामे करत होते. तिखट, हळद, धने, ज्वारीचं पीठ, चण्याची डाळ. डब्यातलं सामान कागदी पाकिटात ओतायचं, पाकिटावर नाव घालायचं, डबा पुसायचा आणि सगळं खोक्यात भरायचं. शिपाई दारात उभा राहून बघत होता. खोली दुपारपर्यंत मोकळी झाली पाहिजे असं प्राचार्यांनी त्याला सांगितलं होतं. मदत करायला सांगितलं नव्हतं, म्हणून तो करत नव्हता.

मी गृहअर्थशास्त्र शिकवते. वर्ध्याहून बसने जाता येतं अशा एका तालुक्याच्या गावात आमचं कला महाविद्यालय आहे. इमारत एक, मजले दोन, कायम प्राध्यापक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. माझ्या विभागात मी एकटी. खालच्या मजल्यावर मागच्या बाजूला एक लांबट खोली आहे, ती माझी प्रयोगशाळा. कडप्प्याचा ओटा, दोन शेगड्या, एक मोरी, एक नळ, भिंतीत फळ्या. आसपासच्या खेड्यांतल्या मुली तिथे आहारशास्त्र शिकतात, म्हणजे वाचतात, मोजतात, शिजवतात आणि शिजवलेलं बिघडलं तर का बिघडलं ते लिहितात.

त्या खोलीचं आता ‘उपलब्धी दालन’ होणार होतं. महाविद्यालयाचं मूल्यांकन करायला बाहेरून समिती येणार होती. आम्हा प्राध्यापकांनी काय काय मिळवलं हे तिला एकाच जागी, नीट मांडलेलं दिसावं, अशी कल्पना निघाली. कल्पना राज्यशास्त्राच्या सरांची. ते आमच्या उपलब्धी समितीचे प्रमुख. गेल्या काही वर्षांत त्यांनी जितके सत्कार घेतले तितके तास घेतले असते, तर मुलांना राज्यपाल आणि राष्ट्रपती यांतला फरक कळला असता. कुठल्या कुठल्या संस्थांचे आदर्श शिक्षक पुरस्कार, चर्चासत्रांची प्रमाणपत्रं, शाल पांघरून हसतानाचे फोटो. हसू प्रत्येक फोटोत तेच. शाली मात्र बदलत.

त्यांनी सगळ्यांकडून माहिती मागवली. मीही दिली. माझ्याकडे शिकलेल्या एका मुलीचा हिंगणघाटला पापड-कुरडयांचा गृहउद्योग आहे आणि हाताखाली बायका आहेत. एकजण आश्रमशाळेचं स्वयंपाकघर सांभाळते. मी हे लिहिलं. सरांनी ते वाचलं आणि कागद माझ्यासमोर परत ठेवला.

“हे विद्यार्थिनींचं झालं, मॅडम. तुमचं स्वतःचं काय?”

मी म्हटलं, या महाविद्यालयात तुमचे जेवढे सत्कार झाले त्या सगळ्यांचा फराळ माझ्या विभागाने केला आहे, तो धरा. ते मनापासून हसले. माझा विनोद आवडला असं त्यांना दाखवायचं होतं. पण मी विनोद केला नव्हता. आमच्याकडे ही पद्धतच आहे. संस्थेचे अध्यक्ष येवोत, आमदार येवोत, कुणाला पीएच.डी. मिळो, निमंत्रणपत्रिकेवर खाली छापलेलं असतं: अल्पोपाहार, गृहअर्थशास्त्र विभाग. कोथिंबिरीची सांबारवडी, उपमा, चहा. कार्यक्रम संपला की रिकाम्या बश्या गोळा करायलाही आमच्याच मुली. त्यावर कुणी बोलत नाही आणि कुणी आभारही मानत नाही, कारण आभारप्रदर्शन चालू असतं तेव्हा आम्ही चहा गाळत असतो.

मला दालनाचं काही पडलं नव्हतं. त्यांनी ते जिन्यात करावं, गच्चीवर करावं. मला खोली हवी होती. महिन्याच्या मध्याला विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा होती, हिंगणघाटहून परीक्षक बाई यायच्या होत्या. आणि एकदा प्रयोगशाळा कागदावरून गेली की पुढच्या वर्षी विषयाची मान्यता मागताना दाखवायला काही उरत नाही. विषय बंद झाला तर मी अतिरिक्त ठरेन, कुठेतरी पाठवतील, मी जाईन. मुली मात्र घरी बसतील. त्यातल्या अर्ध्या फक्त या विषयासाठी येतात, कारण घरचे म्हणतात की एवढं तरी कामाचं शिकेल. एवढ्या एका वाक्यावर त्यांना तीन वर्षं घराबाहेर पडायला मिळतं.

मी प्राचार्यांना हे सांगितलं. ते गणित सोडवावं तसे बोलले. परीक्षा वर्गात घ्या, म्हणाले. फाइल बघा, दोन प्रश्न विचारा, मार्क द्या. पोरींना स्वयंपाक येतोच ना. मी विचारलं, मग मुलांना मतदान करता येतं, राज्यशास्त्र कशाला शिकवता? त्यावर त्यांना तातडीने एक फोन करायचा होता.

डब्यांची खोकी मुलींनी जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत नेली. सिलिंडर शिपायाने नेला. तो नेताना मात्र त्याला मदत हवी होती. एका मुलीने शेवटचा मोठा गंज, भाताचं पातेलं, उचलला आणि मला विचारलं, “मॅडम, आमची परीक्षा मंग कोठी होईन?”

“इथेच,” मी म्हटलं. कशी, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

दोन दिवस फ्लेक्सवाला, सुतार आणि सर यांची लगबग चालली. ओटा फोडायचं ठरलं होतं, पण कडप्पा हलेना. मग सुताराने ओट्यावर प्लायवुड टाकलं, त्यावर लाल सॅटिनचं कापड आणि कापडावर ट्रॉफ्या. मोरी आणि नळ झाकायला सरांचा माणसाएवढा फ्लेक्स चौकटीत ठोकून उभा केला. नळाचा वायसर गेलेला होता. मी पावसाळ्यापासून बदलून मागत होते. कुणी बदलला नव्हता, आताही बदलला नाही. बाकीच्या भिंतींवर फोटो. माझाही एक होता, प्रजासत्ताक दिनाचा, ट्रे हातात घेतलेला. खाली लिहिलं होतं: उपक्रमातील सहभाग.

या सगळ्यात समितीसाठी चहा आणि फराळ कुठे होणार, हे कुणीही विचारलं नाही. समितीच्या कार्यक्रमपत्रिकेत सकाळच्या स्वागतानंतर छापलेलं मी वाचलं होतं: अल्पोपाहार, गृहअर्थशास्त्र विभाग. ज्यांनी ते छापायला दिलं त्यांनीच सिलिंडर हलवायला सांगितलं होतं. चहा आमच्याकडे आपोआप येतो, वीज येते तसा, अशी समजूत इतकी पक्की होती की तो कुठल्या तरी ओट्यावर होतो हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

महिन्याच्या मध्याला समिती आली. तिघंजण होते. अध्यक्ष एक वयस्कर बाई, सुती साडी, पायात चालायचे बूट. टिळा, ओवाळणं, स्वागतगीत झालं. प्राचार्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी तिथेच उभी राहिले. त्यांनी पुन्हा हलवली, मग स्वतः आले.

“मॅडम, चहा?”

“कुठे करू, सर?”

त्यांनी मागच्या खोलीच्या दिशेने बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की ही गोष्ट त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा सुचत होती. मग शिपाई दुचाकीवर चौकातल्या हॉटेलात पळाला. कापसाच्या गाड्यांनी रस्ता भरलेला होता, त्यामुळे तो लवकर येण्यातला नव्हता. तोवर पाहुण्यांना कुठेतरी गुंतवायला हवं, म्हणून सरांनी त्यांना आधी दालनात नेलं. खरं तर दालन शेवटी दाखवायचं ठरलं होतं, निरोपाच्या घाईत, नुसतं आत डोकावून बाहेर. आता भरपूर वेळ होता आणि बघायला एवढंच होतं.

सर एकेका फोटोपुढे थांबून सांगत होते. अध्यक्षबाई ऐकत होत्या, चहाशिवाय. बोलणं थांबलं की खोलीत टप टप ऐकू येई. बाईंनी दोनदा मान वळवली. मग त्या सरांच्या फ्लेक्ससमोर जाऊन उभ्या राहिल्या, खाली वाकल्या आणि चौकटीच्या तळाशी आलेला ओला डाग बघितला.

“इथे आधी काय होतं?” त्यांनी विचारलं.

“स्टोअर होतं, मॅडम,” सर म्हणाले. “अडगळ.”

मी दाराशी होते. मुली माझ्यामागे, ओवाळण्याची ताटं घेऊन. अडगळ हा शब्द त्यांनीही ऐकला.

“ही गृहअर्थशास्त्राची प्रयोगशाळा आहे,” मी म्हटलं. “उद्या सकाळी इथे विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा आहे.”

सर माझ्याकडे असे बघू लागले की जणू नळच बोलला. अध्यक्षबाईंनी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्य अडचणीत सापडले की फार पटकन बोलतात.

“हो, हो. बहुउद्देशीय दालन आहे, मॅडम. प्रदर्शन पण होते, प्रात्यक्षिकं पण होतात. जागेचा पुरेपूर वापर.”

बाईंच्या सोबतच्या गृहस्थांनी ते लिहून घेतलं. बाईंनी प्लायवुडवर बोटाने ठोकून बघितलं, पोकळ आवाज आला, आणि त्या बाहेर पडल्या. त्या काय समजल्या आणि काय नाही, मला माहीत नाही. मला त्यांच्याबद्दलही काही प्रेम वाटलं नाही. त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. नंतर हॉटेलातले समोसे आणि प्लास्टिकच्या कॅनमधला चहा आला. तो त्यांनी घेतला आणि चांगला आहे म्हणाल्या.

संध्याकाळी समिती गेल्यावर प्राचार्यांनी मला बोलावलं. सर आधीच तिथे बसलेले होते. रागावले की प्राचार्यांची भाषा त्यांच्या गावची होते.

“काऊन केलं तुम्ही असं? समितीसमोर मले खोटं पाडलं.”

मी म्हटलं, मी जे होतं ते सांगितलं. बहुउद्देशीय तुम्ही म्हणालात.

“ते बोलण्यापुरतं असते, मॅडम.”

“त्यांनी लिहून घेतलंय, सर.”

सर मध्ये पडले. त्यांचा आवाज मऊ होता. तो मऊ असतो तेव्हा मी जास्त सावध असते. ते म्हणाले, विभागप्रमुखांनी संस्थेचा विचार करायला हवा, स्वतःच्या चुलीचा नाही. दालनाचं उद्घाटन संस्थेच्या अध्यक्षांच्या हस्ते अजून व्हायचं आहे, तोवर त्याला हात लावू नये. आणि परीक्षा वर्गात होते म्हणून कुणी मरत नाही.

मी विचारलं, उद्या परीक्षक बाईंनी प्रयोगशाळा कुठे आहे म्हणून विचारलं तर काय सांगू? अडगळ? आणि त्यांनी तसा अहवाल विद्यापीठाला दिला तर आजच्या समितीला तुम्ही काय सांगितलं होतं, हेही निघेल. सर खिडकीबाहेर बघू लागले. प्राचार्यांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला आणि म्हणाले, जे करायचं ते करा, मले विचारू नका. परवानगी म्हणून एवढी पुरे होती. मी वर्ध्याची शेवटची बस पकडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या बसने गेले. प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडेच असते, ती परत मागायचंही त्यांना सुचलं नव्हतं. जिन्याखालची खोकी मुलींनी ओढत आणली. पाकिटं बाहेर आली, डबे भरले, आणि रिकाम्या खोक्यांत ट्रॉफ्या गेल्या. सॅटिन घडी करून वर ठेवलं. प्लायवुड उभं करून भिंतीला लावलं. सरांचा फ्लेक्स चौकटीसकट आडवा करून व्हरांड्यात नेला, तेव्हा तुंबलेल्या मोरीत घोट्यापर्यंत पाणी साचलेलं निघालं. ते उपसलं. वरच्या रांगेतले फोटो काढायला वेळ नव्हता, ते तसेच राहू दिले. सिलिंडर जोडला, साबणाचं पाणी लावून गळती तपासली.

परीक्षक बाई वेळेवर आल्या. मुलींनी चिठ्ठ्या उचलल्या. गंज उचलून परीक्षा कुठे होईल असं विचारणारीला पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा आला. तिने तेल तापवलं, मोहरी टाकली, मग कांदा, मग तिखट. ठसका खोलीभर गेला आणि वर शालीतल्या मंडळींच्या फोटोंच्या काचांवर धुकं चढलं. सर दाराशी आले, नाकाला रुमाल लावून.

“मॅडम, फोटो खराब होऊन राह्यले.”

“परीक्षा चालू आहे, सर,” मी म्हटलं आणि दार लावून घेतलं.

मग मी त्या मुलीच्या रश्शाची चव घेतली. मीठ कमी होतं. एक गुण कापला आणि पुढच्या शेगडीकडे गेले.