नेहमीप्रमाणे थंड होऊ द्यावी

माझ्या वहिनी सरकारी संशोधन संस्थेत अधिकारी आहेत असं सांगितलं की लोक आदरानं मान डोलावतात. काम काय करतात, असं विचारलं की मलाच घाम फुटतो. संस्थेत जे नवे पदार्थ सापडतात, ते कारखान्यापर्यंत पोहोचवायचे, हे त्यांचं काम. एकोणीस वर्षं त्या ते करताहेत आणि एकोणीस वर्षांत कागदोपत्री एकही पदार्थ कारखान्यात नांदलेला नाही. यात त्यांचा आळस नाही. त्यांच्याइतके फोन मी धंद्यातही करत नाही.

माझा धंदा पंपदुरुस्तीचा. पंपात पाणी गळू नये म्हणून सीलची रिंग असते. गढूळ पाण्यानं ती झिजते, मग पंप माझ्याकडे येतो आणि माझं घर चालतं. वहिनी तरुणपणी स्वतः प्रयोगशाळेत होत्या. तेव्हा त्यांनी चिनीमातीच्या जातीचा, पण तिच्याहून कितीतरी कठीण असा पदार्थ शोधून काढला होता. त्याची रिंग वर्षानुवर्षं झिजत नाही. म्हणजे दिरानंच वहिनीच्या पदार्थाला घाबरावं अशी स्थिती! पण तो पदार्थ अहवालात जाऊन बसला. तो बाहेर काढायला कुणी तयार होईना, म्हणून वहिनींनी प्रयोगशाळा सोडून ही खुर्ची घेतली. आपली रिंग एकदा तरी चालत्या पंपात बघायची, एवढंच त्यांना हवं होतं. दादा म्हणायचा, आम्हाला मुलं दोन आणि तिसरी ती रिंग.

शेवटी मीच माझ्या ओळखीचा एक पंपवाला कारखानदार गाठून दिला. माणूस तोंडाचा फटकळ, पण शब्दाचा पक्का. त्यानं अहवाल घेतला, संस्थेकडून पावडर घेतली आणि आपल्या भट्टीत दोनशे रिंगा भाजल्या. दोनशेच्या दोनशे तडकल्या. पुन्हा भाजल्या, पुन्हा तडकल्या. मग सुरू झाली टोलवाटोलवी. कारखानदार म्हणे पावडर खराब. शास्त्रज्ञ म्हणत कारखान्याची भट्टी खराब. पावडर तीनदा तपासली, भट्टी दोनदा. आठ महिने भिजत घोंगडं पडलं. वहिनी घरी आल्या की चपला काढायच्या आधी शास्त्रज्ञांचा उद्धार करत. या लोकांना निबंध छापून आला की गंगेत घोडं न्हालं, पुढं ती वस्तू बनते की नाही याच्याशी घेणं नाही, असं त्या तावातावानं सांगत आणि आम्ही ताट वाढून वाट बघत बसायचो.

एका बुधवारी कारखानदारानं निर्वाणीचा फोन केला: तुमच्याकडे भाजलेल्या दहा रिंगा उद्या दाखवा, नाहीतर विषय संपला. वहिनी तडक तळमजल्यावर भट्टीच्या खोलीत गेल्या. तिथं भट्टीवाले काका. पस्तीस वर्षं एकच भट्टी, एकच स्टूल आणि बोलणं मोजकं.

काका म्हणाले, "उद्या नाही मिळायच्या. सोमवारी."

"आज लावली तर उद्या का नाही?"

"ही शुक्रवारीच लावतो, मॅडम. संध्याकाळी भट्टी बंद करून घरी जातो आणि सोमवारी दार उघडतो. मधे उघडली की रिंग तडकते."

"हे कुठं लिहिलंय?"

"मला कुठं कुणी विचारलं?"

वहिनी वर आल्या आणि त्यांनी मूळ अहवाल काढला. पान चौदावर वाक्य होतं: 'भाजणी झाल्यावर भट्टी नेहमीप्रमाणे थंड होऊ द्यावी.' कारखान्यानं अक्षरशः तेच केलं होतं. त्यांचं नेहमीप्रमाणे म्हणजे सहा तासांत दार उघडून पुढचा माल आत. संस्थेचं नेहमीप्रमाणे म्हणजे शनिवार-रविवारची सुट्टी. सरकारी सुट्टी हा त्या पदार्थातला एक घटक होता आणि तोच लिहायचा राहिला होता. अहवालावर सही वहिनींची होती. शुक्रवारी साडेपाचला भट्टीकडे पाठ करून घरी येणारी ती तरुण संशोधक त्याच होत्या.

त्या रात्री त्यांनी कुणाचाही उद्धार केला नाही. मला ते फार लागलं.

आता प्रश्न सोपा होता. कारखान्याला साठ तास भट्टी अडकवणं परवडणार नाही, मग किती तासांत भागेल? पन्नास, चाळीस, तीस असं करून बघायचं, बस्स. वहिनींनी संस्थेच्या प्रकल्प समितीकडे तीन महिने मागितले. समितीच्या अध्यक्षांना आम्ही घरात 'यातनवीनकाय साहेब' म्हणतो. त्यांनी विचारलं, "यात नवीन काय?" दार उघडायची वेळ ठरवणं हे संशोधन नव्हे, ते कारखान्याचं काम. कारखानदार म्हणाला, ते संशोधन आहे, माझं काम नव्हे. वहिनींनी हरप्रकारे समजावलं आणि शेवटी खरं ते सांगितलं, की अहवालातली चूक माझी आहे, ती मला दुरुस्त करू द्या. साहेबांना आयतं कोलीत मिळालं. इतिवृत्तात नोंद झाली: मूळ अहवालातील त्रुटीमुळे प्रकल्प बंद. इतकी वर्षं चुका झाकणारे तिथं सुखानं बढत्या घेताहेत, आणि बाईनं एकदा कबुली दिली तर तिच्याच डोक्यावर खापर! माझ्या हातात असतं तर त्या टेबलावर मी गळका पंप नेऊन सोडला असता.

कारखानदाराच्या कानावर हे गेलं. त्यानं मला फोन केला. म्हणाला, संस्थेतल्या माणसानं चूक आमची असं म्हटल्याचं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. दोन महिन्यांनी काका निवृत्त झाले, तेव्हा त्यानं त्यांना आपल्या कारखान्यात एक जुनी छोटी भट्टी आणि एक स्टूल दिलं. तास कमी करत जायला काकांना सात महिने लागले. सव्वीस तासांवर रिंगा धड निघाल्या. पहिली रिंग मी स्वतः पंपात बसवली आणि वहिनींना बोलावून पंप चालू केला. एक थेंब गळला नाही. वहिनी बराच वेळ पंपापाशी उभ्या राहिल्या आणि मग डोळे पुसून ऑफिसला गेल्या.

वर्षअखेरीला मी घरी आलो तर वहिनी जेवणाच्या टेबलावर संस्थेचा वार्षिक तक्ता भरत होत्या. एका रकान्यात विचारलं होतं: यंदा उद्योगापर्यंत पोहोचलेली संशोधनं किती?

मी म्हटलं, "एक लिहा की."

"प्रकल्प बंद झालाय, भाऊजी. बंद प्रकल्पाचं काही पोहोचत नाही."

"मग मी पंपात बसवलं ते काय?"

"ते कारखान्याचं," त्या म्हणाल्या. त्यांनी रकान्यात शून्य काढलं, ते नीट वाचता यावं म्हणून पुन्हा गिरवलं आणि खाली सही केली.