अर्धीच निळी ओळ

आज ऑफिसातल्या नव्या मुलीने विचारलं, "सर, मेलमध्ये लिंकच्या दोन्ही बाजूंना हे टोकदार कंस कशाला? आता कुणाची लिंक तुटते?" माझी जीभ आपसूक तुटक्या दाताकडे गेली आणि तोंडाला कॅरमवरच्या बोरिक पावडरची चव आली.

तेव्हा आम्ही काळाचौकीच्या चाळीत राहायचो. मी दादाला नोकरीच्या फॉर्मची लिंक मेल केली होती. ती लांबलचक लिंक दोन ओळींत तुटली आणि फक्त पहिलीच ओळ निळी झाली. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी दादा सायबर कॅफेत त्या निळ्या ओळीवर क्लिक करत बसला, पण पान काही उघडलं नाही. त्याच जागेसाठी माझा फॉर्म मात्र आधीच गेला होता.

मी गॅलरीत कॅरम खेळत होतो. दादा जिना चढून आला तो थेट अंगावरच. "मुद्दाम केलंस ना, भडव्या!" मानगूट धरून त्याने माझं तोंड बोर्डावर आपटलं. मग पुन्हा आपटलं. पांढऱ्या पावडरीत रक्त कालवलं गेलं, सोंगट्या उडून खाली चौकात पडल्या. आई किंचाळत होती, "सोड रे त्याका, मरात तो!"

पुढे लिंक टोकदार कंसांत घातली की तुटत नाही ही युक्ती कळली तेव्हा मी ती दादालाही दाखवली. लिंक आपोआपच तुटते हे पटून तो ढसाढसा रडला, माझे पाय धरायला वाकला. मी मोठ्या मनाने त्याला माफ केलं.

पण तेव्हा दादाला मेल पाठवल्यावर लगेच मी तो उघडून पाहिला होता. निळी ओळ अर्ध्यावर संपलेली मला दिसली होती.