तीन ठोके, दोन पाय

माझ्या वहिनीने मीरा रोडमध्ये ऑर्केस्ट्रा काढायचं जाहीर केलं, तेव्हा आई आधी उठली आणि तिने खिडकी लावून घेतली.

"हळू बोल गं. शेजारी ऐकतील."

हे कळायला इथे राहावं लागतं. आमच्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे बार. काळ्या काचा, दारात काळा सफारी घातलेला माणूस, आत एक कीबोर्ड आणि रात्रभर उभ्याने गाणाऱ्या मुली. पाटीवर 'फॅमिली रेस्टॉरंट', लायसन्सवर 'ऑर्केस्ट्रा'. मी पत्रकं लिहिते. फुटपाथ, गटार, पाणी, जे तुंबेल त्यावर. त्यामुळे स्पष्टच लिहिते: या शहराने एका चांगल्या शब्दाची वाट लावलेली आहे, आणि त्याबद्दल कुणीही राजीनामा दिलेला नाही.

वहिनी हंगेरीची. दादा तिकडे नोकरीला गेला आणि एका लहान शहराच्या थिएटरमधल्या ऑर्केस्ट्राची कंडक्टर घेऊन आला. तिथे ती दुसऱ्या नंबरची कंडक्टर होती. म्हणजे मुख्य साहेबांना सर्दी झाली की हिला बोलावणं. "वन्सं," ती मला म्हणायची, "तिथे खुर्च्या दुसऱ्यांनी मांडलेल्या असतात. मला माझ्या खुर्च्या मांडायच्या आहेत." वन्सं! मराठी ती एका जुन्यापुराण्या पुस्तकातून शिकली होती. त्यात नणंदेला वन्सं म्हणतात, म्हणून मी वन्सं. रिक्षावाल्यासमोर, भाजीवाल्यासमोर, माझ्या संघटनेच्या बैठकीतसुद्धा. मी तिथे भांडवलशाहीवर बोलत होते.

दादाचं आणि तिचं ठरलं होतं. एक वर्ष इथे. स्वतःची माणसं जमवून, लोकांसमोर, एक अख्खी रचना मध्ये न थांबता वाजवून दाखवली तर ती म्हणणार ऑर्केस्ट्रा झाला, आणि दोघं इथेच राहणार. नाही जमलं तर दोघंही परत. थिएटरने तिची जागा राखली होती, पावसाळ्याआधी कळवायचं होतं. आईने गिरगावातली खोली विकून मीरा रोडला पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये फ्लॅट घेतला तो मुलासुनेला वेगळी खोली मिळावी म्हणून. परत जायचा विषय निघाला की ती त्या खोलीचे पडदे सारखे धुवायची.

वहिनीने पहिली जाहिरात स्वतः लिहिली, मला न दाखवता. दूध डेअरीपासून पानाच्या टपरीपर्यंत चिकटवली. ती अशी: "ऑर्केस्ट्रासाठी तरुण-तरुणी पाहिजेत. अनुभव नसला तरी चालेल, प्रेमाने शिकवू. वेळ सायंकाळी सातनंतर. पोशाख काळा." खाली घरचा नंबर.

पहिला फोन आला. "मॅडम, किधर खोला है?"

"सोसायटी के हॉल में!" वहिनी आनंदाने ओरडली. "सब लोग आइए! दोस्तों को भी लाइए!"

आईने दुसरीही खिडकी लावून घेतली.

पण त्याच जाहिरातीवर मुलंही आली, खरंच आली. कीबोर्ड क्लासला कंटाळलेली, व्हायोलिन शिकून कपाटावर टाकलेली, आणि चेलो, म्हणजे बसून वाजवायचं माणसाएवढं व्हायोलिन, असलेली एक कॉलेजकन्या, जिला बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये चेलोसकट घ्यायचे नाहीत. एक बाई आली ती खरोखरच एका बारमध्ये गाणारी होती. तिने फोनवर एकच गोष्ट विचारली होती: "बैठने को मिलेगा?" वहिनी म्हणाली, ऑर्केस्ट्रात सगळेच बसतात. पलीकडून, "सच में?" तिला वहिनीने ट्रायँगल दिला. ती तो असा वाजवायची की ग्लासमध्ये चांदणं पडावं. ज्या मुलींना हे बारवाले तासन्‌तास उभं ठेवतात त्यांच्यासाठी कुणी कमिटी बसवली नाही. कमिटी बसली ती आमच्यावर.

सोसायटीचे सेक्रेटरी भले गृहस्थ होते, हे मी मोठ्या कष्टाने लिहितेय. बैठकीत त्यांनी जाहिरात टेबलावर ठेवली आणि ते वहिनीला म्हणाले, "देखो बेटा, यहाँ फॅमिली रहती है."

"अंकल, फॅमिलीच वाजवणार आहे," वहिनी म्हणाली.

"लायसन्स?"

मी बोलायला उभी राहिले. मी उभी राहिले की आई डोळे मिटते. "दर शनिवारी याच हॉलमध्ये डीजे लागतो! भिंतीचं प्लास्टर पडतं! त्याला लायसन्स विचारलंत?"

"वो शादी का है," सेक्रेटरी शांतपणे म्हणाले. "शादी का अलग है."

आईने मध्ये पडून पाहिलं. "अहो, ऑर्केस्ट्रा नाही तो. वाद्यवृंद."

"वो क्या, कोई मंडल है?"

हॉल गेला. मी त्याच संध्याकाळी पत्रक काढलं, 'व्हायोलिनला बंदी, दारूला संधी'. यमक जुळलं, हॉल मिळाला नाही.

त्याच सुमारास दादाच्या मित्राचं लग्न होतं तारोडीला, किनाऱ्याकडच्या गावात. तिथे ब्रास बँड होता: ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ते पोटाएवढं मोठं पितळी भोंग्याचं वाद्य. वहिनी ताटावरून उठली. हात न धुता. वरातीच्या मागे ती, तिच्या मागे मी, माझ्या मागे दादा चपला घेऊन. वरात थांबली तेव्हा तिने बँडच्या मास्तरांना थेट विचारलं, "तुम्ही माझ्याकडे याल?"

मास्तर तिथल्याच चौक नावाच्या कोळीगावचे. सकाळी मच्छीला बर्फ पुरवायचे, संध्याकाळी ट्रम्पेट. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू कोन हाय, बाय?"

"कंडक्टर."

"मंग तिकिटं फाडायची सोडून हितं काय करतंस?"

पण आले. उलट म्हणाले, तुम्हीच आमच्याकडे या, आमच्याकडे शेड हाय. मग दर रविवारी पूनम सागरची सगळी पोरं, पेट्या, चेलो आणि ट्रायँगल बसने चौकला. बसच्या कंडक्टरला एकदा वहिनीने मोठ्या आपुलकीने सांगितलं, "मीसुद्धा कंडक्टर आहे."

"कुठला डेपो?"

"थिएटर. पण मी तिकीट देत नाही. मी फक्त हात करते."

"हात तर पॅसेंजर करतात," तो म्हणाला, आणि तिला शेवटपर्यंत बसायला जागा दिली नाही.

शेडच्या बाहेर बोंबील वाळत घातलेले असायचे. तिसऱ्या रविवारपासून आमच्या व्हायोलिनच्या पेट्यांना वास यायला लागला. आयांची तक्रार आली. मी आयांसाठी वेगळं पत्रक काढणार होते, दादाने हातातून पेन काढून घेतलं.

खरी गंमत पुढे झाली. वहिनीने खुर्च्या मांडल्या. आपल्या हाताने, अर्धगोलात, एकेक सरकवून, डोळे बारीक करून, जशा तिला आयुष्यभर मांडायच्या होत्या तशा. बँडवाले बसले. वहिनीने हात वर केले आणि तिच्या गावाकडचं एक नाचाचं संगीत सुरू झालं, तीन ठोक्यांचं. चार ओळींत सगळं कोसळलं. व्हायोलिनं मागे, ट्रम्पेटं गोव्याला. पुन्हा. पुन्हा तेच. बरेच रविवार तेच. जी माणसं भर ट्रॅफिकमध्ये तासभर अचूक वाजवतात ती खुर्चीत बसली की घसरायची.

वहिनी घरी येऊन बोलेनाशी झाली. आईने पडदे पुन्हा धुवायला काढले. दादाने विमानाच्या तिकिटांचे दर बघायला सुरुवात केली. मोबाइल उलटा ठेवायचा, पण कळायचं.

शेवटी एका रविवारी मास्तरांनी ट्रम्पेट मांडीवर ठेवलं. "बाय, रागावू नको. आमाला बसून न्हाय जमत. आमचा ताल पायात हाय. चालतो तवा वाजतं."

"मग चाला!" वहिनी म्हणाली. "उठा सगळे! चाला!"

बँडवाले उठले, शेडमध्ये गोल गोल चालायला लागले. दोन ठोक्यांचं सुंदर वाजलं. तीन ठोक्यांचं सुरू केलं आणि मास्तर स्वतःच्या पायात अडखळून बर्फाच्या खोक्यावर आपटता आपटता वाचले.

"पाय दोन," ते ओरडले, "आनि तुजे ठोके तीन! तिसरा पाय कुठून आनू?"

हा प्रश्न मला आजही जगातल्या सगळ्या संगीतशास्त्रापेक्षा मोठा वाटतो. वहिनी ओठ हलवत, हवेत बोटं नाचवत शेडभर फिरली. मग एकदम वळली. "मास्तर, वरातीत पुढची माणसं नाचत थांबली की तुम्ही काय करता?"

"काय करनार? थांबतो. जागच्या जागी वाजवतो."

"तर एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि तिसऱ्याला वरात अडकली!"

मास्तरांचा चेहरा उजळला. ते मागे वळून आपल्या लोकांवर गरजले, "कळला काय रं? दर तिसऱ्याला वरात अडाकली!"

एक, दोन, अडकली. एक, दोन, अडकली. आणि काय सांगू, वाजलं! ट्रम्पेटं तरंगायला लागली, व्हायोलिनवाली पोरं त्यांच्या मागे चालायला लागली, सगळी शेड झुलायला लागली, बाहेर बोंबील झुलायला लागले. चेलोवाली रडवेली होऊन म्हणाली, मी कशी चालू? मास्तरांनी बर्फाची हातगाडी पुढे केली. चेलो गाडीवर, ती गाडीवर, आणि शेजारी ट्रायँगलवाली बाई, आरामात मांडी घालून.

तेव्हा माझ्या डोक्यात सेक्रेटरींचा आवाज घुमला. शादी का अलग है. मी किंचाळले असेन, कारण सगळे थांबले.

"हॉल कशाला पाहिजे?" मी म्हटलं. "एका जागी वाजवलं तर ऑर्केस्ट्रा. चालत वाजवलं तर वरात! वरातीला या देशात कोण अडवतंय?"

मोर्चा काढणं हे माझं एकमेव शिक्षण. रस्ता ठरवला, पुढे कोण, मागे कोण, पाण्याच्या बाटल्या कुणाकडे. आईने सगळ्यांना फेटे बांधले. तिचा युक्तिवाद असा की फेटेवाल्यांना कुणी लायसन्स विचारत नाही. एका रविवारी संध्याकाळी मीरा रोडच्या मुख्य रस्त्यावरून निघालो, पूनम सागरकडे. वहिनी सगळ्यांच्या पुढे, पण तोंड ऑर्केस्ट्राकडे, म्हणजे उलटी चालत. तिच्या पाठीवर हात ठेवून तिचे डोळे मी.

"खड्डा! डावीकडे!"

"वन्सं, तुमचं डावं की माझं?"

"मधोमध! उडी!"

आणि ती उडी मारायची, ठोका न चुकवता, आणि मागचे सगळे ती उडी संगीतातलीच समजून उडायचे. रिक्षावाले हॉर्न मारत होते. बाल्कन्या भरल्या. दोन बायका खाली उतरून नाचायला लागल्या, तिसऱ्या ठोक्याला त्यांचंही अडायला लागलं. "नवरी कुठाय?" कुणीतरी विचारलं. मास्तरांनी ट्रम्पेट तोंडात तसंच ठेवून भुवईने वहिनीकडे दाखवलं.

आमचं गेट आलं. बंद. आत सेक्रेटरी, हात वर केलेले.

रचना संपायला अजून बराच भाग होता. थांबलो असतो तर गेलं असतं सगळं. वहिनीला गेट दिसत नव्हतं, मला दिसत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला घोषणा सुचेना. मी एवढंच ओरडले, "मास्तर, वरात अडकली!"

ते हसले डोळ्यांनी. सगळा ऑर्केस्ट्रा जागच्या जागी उभा, पाय आपटत, वाजवत. हातगाडीसुद्धा जागच्या जागी पुढेमागे. एकही सूर तुटला नाही.

"किसकी शादी है?" सेक्रेटरींनी गजांतून विचारलं.

"हमारी बहू की!" आई म्हणाली.

"वो तो हो गई थी ना?"

"फिर से!" आई म्हणाली, आणि गजांतून हात घालून, स्वतः कडी काढून तिने गेट उघडलं.

आम्ही आत शिरलो. पार्किंगमधून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून, हॉलच्या कुलपासमोरून, शेवटच्या ओळीपर्यंत. ट्रायँगलचा एक थेंब पडला आणि संपलं. टाळ्या नाहीत, सगळ्यांना वाटलं आता पुढचं गाणं. वहिनीचे हात अजून वर. फेटा एका कानावर, श्वास फुललेला.

मग तिने हात खाली घेतले आणि आईकडे बघून तक्रारीच्या सुरात म्हणाली, "आई, शेवटचा भाग घाईत गेला. रविवारी पुन्हा घ्यावा लागेल."

आईने विचारलं, "कुठल्या रविवारी?"

"सगळ्या."

दादाने आधी ऐकलं नसावं, मग ऐकलं, आणि तो हातगाडीची दांडी धरून तसाच उभा राहिला. आईने पदराने वहिनीचा घाम पुसला, मग त्याच पदराने स्वतःचे डोळे, मग सेक्रेटरींकडे वळली.

"ऐकलंत ना? सगळ्या रविवारी."

सेक्रेटरींनी फेटे पाहिले, चेलो पाहिला, नाचून दमलेल्या आपल्या बायकोकडे पाहिलं.

"हर संडे शादी?"

"हर संडे," आई म्हणाली.